बारा धारा

कारखान्यानं परत पाठवलेलं चारशे लिटर दूध पट्टीवालीनं स्वतःच्या हातानं तोटी उघडून गटारात सोडलं. रांगेत पंधरा-वीस माणसं आपापले कॅन घेऊन उभी होती. गटार आधी पांढरं झालं, मग तुंबलं, आणि दूध केंद्राच्या पायऱ्यांपर्यंत चढलं. कुठूनशी दोन कुत्री धावत आली आणि पोटाला तड लागेपर्यंत लपालपा प्यायली. त्यांना हाकलायचंही कोणाला सुचलं नाही.

पट्टीवाली म्हणजे केंद्रावर दूध तपासणारी मुलगी. दुधात कागदाची पट्टी बुडवायची आणि तिच्यावर किती रेषा उमटतात ते बघायचं, हे तिचं काम. वयानं लहान, बोलायला मऊ, पण एकदा रेषा बघितली की बापाचंही न ऐकणारी. रोज प्रत्येक कॅनला पट्टी परवडत नसे, म्हणून तिच्याजवळ खोक्यात प्रत्येक कॅनच्या दुधाची एकेक छोटी बाटली नंबर घालून ठेवलेली असायची.

"कारखान्यात आधी थोडं दूध विरजून बघतात," ती रांगेला म्हणाली. "कालचं लागलंच नाही. सकाळी बघितलं तर पाण्यासारखं पातळ. दुधात जनावराला दिलेलं औषध असलं की विरजण मरतं. मी सगळ्या बाटल्या तपासल्या. औषध सतरा नंबरात निघालं."

सतरा नंबर आक्काचा होता.

"आमच्यात?" आक्का पुढे झाली. "नीट बघ गं बाई. बाटली बदलली असेल."

पट्टीवालीनं वाद घातला नाही. सतरा नंबरची बाटली आक्काच्या हातात दिली, झाकण तिलाच उघडायला लावलं आणि नवी पट्टी बुडवली. चांगल्या दुधाला दोन रेषा येतात, औषधाच्या दुधाला एक. एक आली. दुसरी आता येईल, मग येईल म्हणून आक्का डोळे फाडफाडून बघत राहिली. मागची माणसं माना उंच करून तिच्या खांद्यावरून डोकावत होती.

"ही पहिली वेळ," पट्टीवाली म्हणाली. "दुसऱ्यांदा झालं तर तुमचा कॅन कायमचा बंद. माझ्या हातात काही नाही, आक्का."

आक्काच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. एकोणीस वर्षं ती या केंद्रावर दूध घालत होती. तिचा कॅन बघून आधीचा केंद्रवाला म्हणायचा, याला कशाला तपासायचं, हा आक्काचा आहे. आणि आज त्याच पायऱ्यांवर, त्याच माणसांसमोर ही काल आलेली पोर तिला ताकीद देत होती. राग गिळवेना आणि थुंकवेना, अशी तिची गत झाली. तोंडातून निघून गेलं ते असं:

"माझ्या हातचं दूध असतं तर माझा हात कलम केला असता. पण आता गोठ्यात मी एकटी नाही ना. दुसरंही माणूस धार काढतं आमच्याकडे."

रांगेत घोगऱ्या उभा होता. आवाज बसलेला, म्हणून घोगऱ्या. पण बसलेल्या आवाजातही गावभर बातमी पोचवण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. त्यानं शेजारच्याकडे बघून भुवया उडवल्या. दुसरं माणूस म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळलं. आक्काची भावजय.

*

बावीस वर्षांपूर्वी नवऱ्यानं दुसरं घर केलं तेव्हा आक्का एक पत्र्याची पेटी आणि एक गाभण शेळी घेऊन भावाच्या दारात आली होती. पेटी अजून तशीच होती. शेळीची मात्र आज चोवीस दुभती जनावरं झाली होती, सगळ्या तिच्याच लेकी-नाती. घर भावाचं, जमीन भावाची, पण चूल पेटायची ती आक्काच्या शेळ्यांवर. म्हणून तर जेवायला बसताना तिची मान ताठ असायची. माहेरी राहणाऱ्या बाईला मान ताठ ठेवणं किती महाग पडतं, हे जिचं तिलाच माहीत.

भाऊ तिच्याहून आठ वर्षांनी लहान. स्वभावानं गरीब, पण गरीब माणसाला राग आला की तो आवरत नाही. केंद्रावरची हकीकत ऐकून त्यानं हातातला विळा खाली टाकला.

"कॅन बंद झाला तर मी काय करू, आक्का? शेळ्या विकून टाकीन आणि गिरणीत कामाला जाईन. मुकादम कधीचा बोलावतोय."

"आणि मी?" असं आक्काच्या ओठांवर आलं होतं. शेळ्या गेल्या की ती या घरात कोण? वाढलेलं खाणारी एक म्हातारी. पहिला घास घेताना भावजयीच्या तोंडाकडे बघावं लागेल.

"पण औषधाची शेळी होतीच कुठली?" भावानं विचारलं.

"भुरी. तिची कास सुजली होती. पण तिच्या गाठी संपल्या होत्या. शेवटची मी माझ्या हातानं सोडली."

गाठींची रीत आक्काचीच होती. जनावरांचा डॉक्टर सडातून औषधाची नळी घालायचा, इंजेक्शन टोचायचा आणि सांगायचा, बारा धारा दूध टाकून द्या. आक्का लाल दोरीला बारा सैल गाठी मारायची आणि ती दोरी शेळीच्या गळ्यात, तिचं तोंड पोचणार नाही अशी आखूड बांधायची. धार काढली की एक गाठ सोडायची. गोठ्यात उजेड कमी; पण बोटांना गाठी कळतात. गळ्यात गाठ आहे तोवर त्या शेळीचं दूध वेगळ्या बादलीत काढायचं आणि बादली मागच्या खड्ड्यात रिकामी करायची. दोरी सरळ झाली की दूध कॅनमध्ये.

"मग औषध आलं कुठून?" भाऊ म्हणाला.

आक्कानं परसात कपडे पिळणाऱ्या भावजयीकडे बघितलं. भावानंही तिकडे बघितलं.

गोठ्यात दोन रांगा होत्या. डावी रांग आक्का काढायची, उजवी भावजय. भुरी डावीतली; पण तिची खड्ड्यात टाकायची बादली कधी आक्का रिकामी करायची, कधी भावजय. मागच्याच आठवड्यात ती बादली उचलताना भावजय म्हणाली होती, "चांगलं फेसाळ दूध मातीत ओतायचं म्हणजे जिवावर येतं हो, वन्सं." आक्कानं तेव्हा हूं केलं होतं. आता त्या वाक्याला शिंगं फुटली. जिवावर येतं ना? मग ओतलं नसेलच. कॅनमध्येच गेलं असेल. शिवाय हिच्या माहेरी दुधात पाणी घालायचे, असं लग्नाच्या वेळी कोणीतरी म्हणालं होतं. ते कोण म्हणालं होतं आणि खरं होतं का, हे आक्कानं बारा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. पण विसरलीही नव्हती.

"तुम्ही दोघं माझ्याकडे असं काय बघताय?" भावजय पिळा हातात धरून म्हणाली.

"काही नाही," आक्का म्हणाली. "कपडे नीट झटक. पंधरा दिवस ऊन नाही."

*

ऊन नव्हतं हे खरंच होतं. हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटायची. गोठ्यातली माती वाळत नव्हती, राख टाकली तरी दुपारपर्यंत तिचा चिखल व्हायचा, आणि शेळ्या त्यातच बसायच्या. अशा हवेत कासेचं दुखणं फिरतं.

आक्कानं पहारा सुरू केला. उगाच जोखीम नको म्हणून भुरीचं दूध तिनं आठवडाभर पुन्हा खड्ड्यात टाकलं. पट्टीवालीच्या बोलण्यातलं विरजणाचं तिनं बरोबर उचललं होतं. रोज संध्याकाळी धारा झाल्या की ती दोन वाट्या दूध गुपचूप बाजूला काढायची, एक आपल्या रांगेचं, एक भावजयीच्या रांगेचं. कोमट करून विरजण लावायची आणि फडक्यात गुंडाळून पिठाच्या मोठ्या डब्यामागे ठेवायची. भावजयीच्या वाटीखाली ओळखीला काडी. शेळीचं दही तसं सैलच लागतं, पण वाटी कलती केली की एकसंध सरकतं. सकाळी आक्का दार लोटून वाट्या कलत्या करून बघायची.

सहा दिवस भावजयीच्याही वाटीतलं दही छान लागलं. दुसरी कोणी असती तर तिचं मन निवळलं असतं. आक्काचं उलट झालं. लबाड माणूस लागोपाठ दोनदा करतो होय, ती स्वतःशी म्हणायची. थांबलीय. आपलं लक्ष आहे हे ओळखून थांबलीय.

"वन्सं, पिठाच्या डब्यामागे वाट्या कशाला ठेवता?" सातव्या दिवशी भावजयीनं विचारलं.

"मुंग्या झाल्यात."

"मुंग्यांना दही?"

"मुंग्या काहीही खातात."

भावजय पीठ काढता काढता म्हणाली, "काडी माझ्या वाटीखाली असते का तुमच्या?" आणि उत्तराची वाट न बघता पीठ घेऊन गेली. आक्का ओशाळली. पण शरमेपेक्षा संशयच वरचढ ठरला. हिला वाट्या माहीत आहेत, म्हणजे वाटीपुरतं चांगलं दूध ही मुद्दाम समोर ठेवत असणार.

सोमवारी सकाळी टिकली पाय फाकून उभी राहिली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. डावीतलीच, सगळ्यांत जास्त दूध देणारी. कासेचा एक भाग तापलेला, लाल, दगडासारखा घट्ट. पिळलं तर दुधात गुठळ्या आल्या. डॉक्टर आला. जुना डॉक्टर गेल्या वर्षी बदलून गेला होता. हा नवा, घाईचा. त्यानं इंजेक्शन दिलं, सडातून नळी रिकामी केली आणि हात धुता धुता म्हणाला, "कास जितकी मोकळी कराल तितकी लवकर बरी होईल. जमेल तितक्या वेळा पिळा. आणि दूध बारा धारा बाहेर." तो मोटारसायकलला लाथ मारून निघूनही गेला.

आक्कानं बारा गाठी मारल्या. मग भावाला चुलीपाशी गाठलं.

"माझं ऐकणार असशील तर एक सांगते. आता टिकलीचं दूध वेगळं राहायला हवं. पुन्हा काही झालं तर कॅन गेला. तुझी बायको गोठ्यात नको."

"चोवीस शेळ्या तू एकटी काढणार?"

"काढीन. माझे हात अजून शाबूत आहेत."

भाऊ विस्तव सारून उठला आणि बाहेर जाऊन बायकोला म्हणाला, "आजपासून तू गोठ्यात पाय ठेवायचा नाहीस."

"का?"

"आक्का सांगते म्हणून."

"आक्का काय सांगतात ते आक्कांना सांगू द्या. मी काय केलं?"

"काय केलंस ते केंद्रावर सगळ्यांना माहीत आहे," तो ओरडला. "मला घोगऱ्या रस्त्यात अडवून विचारतो, बायकोनं काय मिसळलं म्हणून! तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!"

आक्का आत उभी राहून ऐकत होती. भावजय रडेल असं तिला वाटलं होतं. ती रडली नाही. खुंटीवरची चाऱ्याची दोरी आणि विळा घेऊन बांधाकडे निघून गेली, आणि दुपारी डोक्यावर एवढा मोठा भारा घेऊन आली की तिची मान दिसत नव्हती. भारा तिनं गोठ्याच्या दारात टाकला. उंबरा ओलांडला नाही. उजव्या रांगेतल्या शेळ्या तिला बघून ओरडायला लागल्या, तशी ती पाठ फिरवून निघून गेली.

*

चोवीस शेळ्या म्हणजे अठ्ठेचाळीस सड, सकाळी आणि संध्याकाळी. पहिल्याच संध्याकाळी आक्काच्या अंगठ्यांचे सांधे ठणकायला लागले. उजव्या रांगेच्या शेळ्या तिला पान्हा सोडीनात; एकीनं बादलीत पाय घातला, एकीनं मांडीवर खूर दिला. कंबर धरून ती उठायची, पाट पुढे सरकवायची, पुन्हा बसायची. त्यावर टिकलीची कास आणखी. डॉक्टरनं सांगितलं होतं, जमेल तितक्या वेळा. आक्का हयगय करणारी नव्हती. सकाळी, मग दहाच्या सुमाराला, दुपारी, संध्याकाळी, झोपण्यापूर्वी. गरम पाण्यात फडकं पिळून आधी कास शेकायची, गुठळ्या मोकळ्या करायच्या, शेवटचा थेंब येईपर्यंत पिळायचं. टिकली आधी लाथा झाडायची, मग मान तिच्या पाठीवर टेकवून उभी राहायची. प्रत्येक वेळी बादली खड्ड्यात रिकामी, आणि प्रत्येक वेळी एक गाठ मोकळी. जितकं पिळू तितकं औषधही लवकर निघून जाईल, असं तिचं साधं गणित होतं.

बुधवारी दुपारी बारावी गाठ सुटली. कास मऊ झाली होती, गुठळ्या गेल्या होत्या. आक्काला इतका आनंद झाला की तिनं टिकलीच्या तोंडाला तोंड लावलं. संध्याकाळी टिकलीचं दूध बाकीच्यांबरोबर कॅनमध्ये गेलं आणि कॅन थंड पाण्याच्या हौदात.

वाट्या तिनं त्याही दिवशी लावल्या. भावजय गोठ्यात येत नव्हती तरी लावल्या. कोण जाणे, ही मागल्या दारानं हौदाकडे जाते की काय, असं तिला दोन दिवस वाटत होतं. एक वाटी उजव्या रांगेच्या दुधाची, तिच्याखाली काडी. एक डाव्या रांगेची.

गुरुवारी सकाळी धारा झाल्या. भावानं सकाळचं दूध हौदातल्या कॅनमध्ये ओतून झाकण ठोकलं आणि कॅन मोटारसायकलला बांधायला घेतला. आक्का हात पुसत आत आली आणि तिनं पिठाचा डबा सरकवला. काडीची वाटी कलती केली. दही एकसंध सरकलं. दुसरी कलती केली आणि दूध तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

ती उठली ती तडक चुलीशी.

"काय केलंस माझ्या वाटीला?"

भावजय चहा गाळत होती. "कुठल्या वाटीला?"

"सोंग करू नकोस. माझ्याच रांगेची वाटी बरी बिघडते! काय टाकलंस तिच्यात? मीठ टाकलंस, का आणखी काही?"

आवाज ऐकून भाऊ आत आला. "आता काय केलं हिनं?"

"मी काहीही केलं नाही," भावजय म्हणाली. तिनं गाळणं खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. "मी डब्यापाशी गेले नाही. हौदापाशी गेले नाही. सोमवारी सकाळी टिकलीला टोचलं, तेव्हा तुम्ही मला गोठ्याबाहेर काढलंत. सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन दिवस मी त्या उंबऱ्याला पाय लावला नाही. तुमच्या मनात काय असेल ते असो, हे तीन दिवस मी एकेक मोजलेत."

"तीन कसले, चांगले सहा..." आक्का म्हणाली आणि थांबली.

बारा धारा म्हणजे सहा दिवस. सकाळची एक, संध्याकाळची एक. जन्मभर तसंच होतं. शेळी आजारी असो नसो, धार दिवसातून दोनदा. गाठी संपल्या म्हणजे सहा दिवस झाले, हे तिला इतकं पक्कं ठाऊक होतं की दिवस मोजायची तिला कधी गरजच पडली नव्हती. सोमवारी चार. मंगळवारी पाच. बुधवारी दुपारपर्यंत तीन. बोटांवर ती मोजायला लागली आणि बोटं मध्येच अडली. भुरीलाही तिनं असंच पिळलं होतं. याच डॉक्टरच्या सांगण्यावरून, याच काळजीनं, दिवसातून सहा वेळा.

"काय झालं, आक्का?" भाऊ म्हणाला. मग बायकोकडे वळला. "हिनंच काहीतरी केलं असणार. तुझ्या तोंडावरून दिसतंय. आज हिला मी हिच्या बापाच्या घरी पोचवून येतो, मग तर..."

आक्काला तेव्हा गप्प राहता आलं असतं. हे तिला लख्ख दिसत होतं. कॅन ओतून द्यायचा, भावजयीचं नाव पुढे करायचं, आणि यापुढे गाठी नीट मोजायच्या. कोणाला पत्ताही लागला नसता. शेळ्या तिच्या, मान ताठ, सगळं जिथल्या तिथं. ती भावजयीकडे बघत होती आणि भावजय तिच्याकडे. भावजयीच्या डोळ्यांत राग नव्हता. आता ही काय करते ते बघू, एवढंच होतं.

आक्का बाहेर गेली. मोटारसायकलची दोरी सोडली, कॅन आडवा केला आणि झाकण उघडलं. तीस लिटर दूध अंगणभर पसरलं, भावाच्या चपलांखालून वाहत गेलं.

"वेड लागलं का तुला!"

"माझ्या हातचं आहे," आक्का म्हणाली. "हेही आणि मागचंही. गाठी मी भराभर सोडल्या. सहा दिवसांचं मी तीन दिवसांत उरकलं."

भावाला समजायला वेळ लागला. तिनं पुन्हा सांगितलं, बोटं मोजून. तो मटकन ओट्यावर बसला. बायकोला काय काय बोललो ते त्याला एकेक आठवत असावं, कारण त्यानं तिच्याकडे मान वर केली नाही. मग तो म्हणाला, "बरं, झालं ते झालं. ओतलंस ते चांगलं केलंस. कोणाला सांगायची गरज नाही. केंद्रावर सांगू, शेळ्यांनी पान्हा चोरला म्हणून."

"कोणाला कळायची गरज नाही?" भावजय दारातून म्हणाली.

"कशाला कळायला हवं? घरातलं घरात."

"मला दोष दिला तो घरातल्या घरात दिला होता का?" ती पायरी उतरून खाली आली. दुधात पाय पडू नयेत म्हणून कडेकडेनं आली. "वन्सं, तुम्ही रांगेत बोललात. रांगेतच सांगायचं. रिकामा कॅन घ्या आणि चला."

"अगं, पट्टीवालीनं ऐकलं तर कॅन बंद करील," आक्का म्हणाली. "शेळ्या जातील. मी कुठं जाऊ?"

"ते मला माहीत नाही. मी कुठं जाईन, हे तुम्ही विचारलं होतं का?"

*

दोघी चालत गेल्या. केंद्र दोन मैलांवर. रिकामा कॅन आक्काच्या हातात, भावजय चार पावलं मागे. रिकामा कॅन भरलेल्यापेक्षा जास्त आवाज करतो. आक्काच्या गुडघ्याला तो प्रत्येक पावलाला लागत होता आणि ती हात बदलत नव्हती.

रांग तेवढीच होती. घोगऱ्या मध्यावर उभा होता. आक्का सरळ पट्टीवालीच्या टेबलापाशी गेली आणि तिनं सगळं सांगितलं. पट्टीवाली ऐकत गेली. मध्येच तिनं नळीचं रिकामं वेष्टण आणलंय का विचारलं. आक्कानं पदराच्या गाठीतून काढून दिलं.

"यावर गाईचं चित्र आहे," पट्टीवाली म्हणाली. "गाईसाठी बनवलेलं औषध आहे. शेळीला याहून जास्त दिवस लागू शकतात. डॉक्टर धारा म्हणतो, कारण सगळे दोनदाच काढतात. पण औषध अंगातून उतरतं ते दिवसांनी. कितीही पिळलं तरी रक्तातून परत येतं." तिनं चष्मा वर सरकवला. "आज दूध आणलं नाहीत, म्हणजे आज तुमचं काही चुकलं नाही. कॅन चालू राहील. टिकलीचं दूध येत्या सोमवारपासून रोज बाटलीत आणून दाखवा. दोन रेषा आल्या की मी सांगेन."

कॅन चालू राहील. आक्काच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. इतकं सोपं होतं? तिला रडू येईल असं वाटलं. तिनं मागे बघितलं. भावजय खांबाला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. तिला अजून काही मिळालं नव्हतं.

आक्का रांगेकडे वळली.

"ऐका सगळ्यांनी. त्या दिवशी मी इथं म्हणाले होते, दुसरं माणूस धार काढतं. ते खोटं होतं. औषधाचं दूध माझ्या हातचं होतं. माझ्या भावजयीचा काही दोष नाही."

घोगऱ्या खाकरला.

"आक्का, तुझं मन मोठं आहे," तो म्हणाला. "अशी नणंद मिळायला भाग्य लागतं."

"मन मोठं नाही रे. मीच केलंय. गाठी मी चुकीच्या सोडल्या."

"असू दे, असू दे. घराची अब्रू राखायची तर असंच बोलावं लागतं."

"एकोणीस वर्षांत आक्काच्या हातून कधी झालं होतं का?" मागून एक बाई म्हणाली. "घरातलं माणूस आहे, पांघरूण घालावंच लागतं." आणि तिनं भावजयीकडे असं बघितलं, की बघ, तुझ्यासाठी ही काय काय करते.

"मी खोटं बोलत नाही!" आक्का ओरडली. "देवाशपथ सांगते, माझ्या हातचं होतं!"

ती जितकी ओरडली तितक्या माना समजूतदारपणे हलल्या. कोणीतरी तिला पाणी दिलं. कोणीतरी म्हणालं, म्हातारीला त्रास देऊ नका. पट्टीवालीनं तोंड उघडलं, "अहो, त्या खरं सांगतायत," पण तिचंही कोणी मनावर घेतलं नाही; ती पोर, तिला घरातल्या गोष्टी काय कळणार. आक्का पाण्याचा पेला हातात धरून उभी राहिली. हीच माणसं, दहा दिवसांपूर्वी तिच्या एका वाक्यावर लगेच विश्वास ठेवला होता यांनी. तेव्हा शपथ घालावी लागली नव्हती.

भावजय खांबापासून सुटली. पुढे आली, आक्काच्या हातातून कॅन घेतला आणि पायऱ्या उतरायला लागली. आक्का मागोमाग निघाली. आता चार पावलं मागे ती होती.

गाव बरंच मागे पडल्यावर आक्का म्हणाली, "मी सांगितलं गं. तू ऐकलंस ना? मी सगळं सांगितलं."

"ऐकलं."

"त्यांना पटत नाही त्याला मी काय करू?"

"उद्या पुन्हा सांगा."

"उद्या?"

"उद्या, परवा, रोज. कॅन घेऊन मी येईन, तुम्हीही यायचं. रांगेत उभं राहून सांगायचं."

आक्का दम लागून थांबली. "त्यांना पटेपर्यंत?"

भावजयीनं कॅन दुसऱ्या हातात घेतला.

"मला पटेपर्यंत," ती म्हणाली आणि चालायला लागली.